क्लचचा लिव्हर अडकतोय? तेलाची बाटली नंतर, आधी वायर सोडवा

जुलैत मोटरसायकलवर चिपळूणहून कराडला निघालो होतो, पोफळी मागे पडलं आणि कुंभार्ली घाटाचा चढ लागला, पाऊस असा की पुढच्या एसटीचा लाल दिवा सोडून काही दिसत नव्हतं. एका वळणाला तिसऱ्यावरून दुसरा टाकला, क्लच सोडला आणि लिव्हर अर्ध्यातच थांबला. हात काढला तरी तिथेच. इंजिन नुसतं रेस होतंय, गाडी पुढे सरकत नाही, मागे ट्रक. बोटांनी लिव्हर बाहेर ढकलला तेव्हा गाडीने एकदम हिसका देऊन पकड घेतली. मग हेळवाकपर्यंत प्रत्येक गिअरला हेच, चार बोटांनी दाबायचा आणि त्याच बोटांच्या पाठीने परत बाहेर ढकलायचा.

हेळवाकला एका टपरीच्या पत्र्याखाली गाडी लावली, लिव्हरवरचं रबर मागे सारलं आणि बघतो तर लिव्हरपासून इंजिनकडे जाणाऱ्या क्लचच्या वायरचे सात-आठ तंतू तुटून खराट्याच्या हिरांसारखे उभे राहिलेले, आणि लिव्हर परत येताना तेच ॲडजस्टरच्या, म्हणजे वायरची ढील कमीजास्त करायच्या पोकळ स्क्रूच्या, तोंडाला अडकत होते. महिनाभर मी त्या लिव्हरवर तेल सोडत होतो. वायर मात्र एकदाही सोडवून बघितली नव्हती.

म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो, लिव्हर जड लागतो किंवा अडकतो तेव्हा दोष लिव्हरमध्येच असेल असं नाही. तीन जागा असतात, वर लिव्हर आणि त्याचा बोल्ट, मध्ये वायर, आणि खाली इंजिनजवळचा क्लच आर्म, म्हणजे वायर जिला ओढते ती छोटी पट्टी. तिन्ही एकमेकांना जोडलेले असताना कितीही तपासा, नेमकं कोण अडतंय ते कळणारच नाही. वायर सोडवून तिघांना वेगळं केलं की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. लोक नेमकं हेच टाळतात आणि वरून तेल मारत बसतात.

आणि दुर्लक्ष करू नका खरंच, कारण लिव्हर रोज थोडाथोडा जड होत जातो आणि हाताला त्याची सवय होते, दुसऱ्या कुणी गाडी चालवायला घेतली आणि तो म्हणाला की अरे क्लच किती कडक आहे, तेव्हा आपल्याला कळतं. लिव्हर पूर्ण परत येत नाही म्हणजे क्लच अर्धा दाबलेलाच राहतो, इंजिनचा जोर पुढे चाकाकडे देणाऱ्या क्लचच्या प्लेटा घसरत राहतात, घसरल्या की तापतात, जळका वास येतो, चढाला इंजिन ओरडतं आणि वेग वाढत नाही. साध्या वायरच्या दुखण्यापायी क्लच प्लेटांचा खर्च येऊन बसतो.

एक गोष्ट इथेच वेगळी करून टाकू. लिव्हर हाताला मऊ आहे, पूर्ण आतबाहेर जातो, पण गाडी चार महिने उभी होती आणि पहिला गिअर टाकला की क्लच दाबलेला असूनही उडी मारते, तर ते लिव्हर अडकणं नाही, आत प्लेटा एकमेकींना चिकटल्यात. त्याचा इलाज वेगळा आहे. तसंच हायड्रॉलिक क्लचच्या गाडीला, म्हणजे हँडलवर क्लचच्या बाजूलाही ऑइलची छोटी डबी असते ती, वायरच नसते, तिला यातला लिव्हरचा बोल्ट साफ करायचा भाग सोडला तर काही लागू नाही. मी बोलतोय ते आपल्या रोजच्या १०० ते २०० सीसीच्या वायरवाल्या गाड्यांबद्दल.

सामान फार लागत नाही. १० आणि १२ चा पाना (काही गाड्यांना १४ चा), चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, जुना टूथब्रश, फडकं, थोडं डिझेल, थोडं इंजिन ऑइल, चिमूटभर ग्रीस, बारीक पॉलिश पेपर. इंजिन गार असू द्या, गाडी मेन स्टँडवर. आणि एक रिकामी दुधाची पिशवी धुऊन ठेवा, ती का ते पुढे येईल.

वायर सोडवायची अशी. लिव्हरजवळ रबराचं बूट असतं ते मागे सरकवा. आत ॲडजस्टर आणि त्याची गोल चकती म्हणजे लॉक नट दिसेल. लॉक नट हाताने सैल होतो, नाही झाला तर पकडीखाली फडकं घेऊन हलकेच फिरवा, नाहीतर त्याचे दाते जातात. आता ॲडजस्टर पूर्ण आत फिरवा, म्हणजे वायर ढिली पडते. मग नीट बघा, ॲडजस्टरला एक चीर आहे, लॉक नटला एक चीर आहे आणि लिव्हर ज्यात बसतो त्या ब्रॅकेटलाही, ज्याला गॅरेजवाले यॉक म्हणतात, एक चीर आहे. तिन्ही चिरा एका ओळीत आणा, वायरचं बाहेरचं कवच ॲडजस्टरमधून मागे ओढून काढा आणि आतली तार त्या चिरेतून बाहेर सरकवा. तारेच्या टोकाला जो गोल मणी असतो तो लिव्हरच्या भोकातून खालच्या बाजूने निघतो. एवढी ढील मिळत नसेल तर आधी खाली इंजिनजवळचे दोन नट सैल करा, तिथून भरपूर ढील मिळते. ताकद लावायची वेळ आली तर समजा कुठेतरी चीर जुळलेली नाही.

वायर वरून सुटली. आता एकेकाला तपासा.

लिव्हर एकटा हलवा, दोन बोटांनी. तो कुठेही न घासता सैल हलला पाहिजे, फक्त बोल्टभोवती. अडला, करकरला, तर दोष इथे. मग आतली तार हातात धरून तिला वरखाली ओढून बघा, खालचं टोक अजून आर्मला आहे म्हणून ढील आहे तेवढीच हलेल, पण खरखर लगेच जाणवते, वाळूतून दोरी ओढल्यासारखी. शंका असेल तर खालूनही सोडवा आणि पूर्ण वायर हातात घेऊन बघा. तिसरं, खालचा आर्म हाताने दाबा. सुरुवातीला थोडा मोकळा हलतो, मग एकदम घट्ट लागतो, तिथे आतल्या क्लच स्प्रिंगांचा जोर लागायला लागतो. सोडल्यावर तो आपणहून मागे यायला हवा.

अजून एक खूण सांगतो जी गाडी न उघडताही कामी येते. लिव्हर दाबून सोडल्यावर जवळपास पूर्ण परत येतो पण शेवटचा थोडासा भाग लुळा राहतो, बोटाने ढकलला की जातो, तर बहुतेक वेळा आर्मची बारीक रिटर्न स्प्रिंग गेली आहे किंवा लिव्हरचा बोल्ट सुकलाय, कारण तो शेवटचा भाग परत आणायचं काम त्या छोट्या स्प्रिंगचं असतं, तिच्यात फार जोर नसतो. पण लिव्हर मध्येच, क्लच दाबलेल्या जागीच राहतो, आतल्या जाड स्प्रिंगांचा जोरही त्याला परत आणू शकत नाही, तर वायरवर संशय घ्या. माझं कुंभार्लीला नेमकं हेच झालं होतं.

आता लिव्हर. खालून १० चा नट, वरून स्क्रू ड्रायव्हरचा बोल्ट. नट काढा, बोल्ट फिरवून वर काढा, लिव्हर हातात येतो. खाली क्लच स्विच असतो बऱ्याच गाड्यांना, सेल्फ स्टार्टसाठी, त्याची बारीक दांडी आणि वायरी बघून ठेवा, ओढाताण करू नका. आमच्याकडे कोकणात बोल्ट काढला की हमखास काय दिसतं तर लाल मातीची धूळ आणि जुनं ग्रीस मिळून मेंदीसारखा झालेला लगदा. वरून जितकं तेल सोडाल तितका तो लगदा वाढतो, धूळ तेलालाच चिकटते ना. डिझेलमध्ये टूथब्रश बुडवून लिव्हरचं भोक, यॉकच्या दोन्ही पाळ्या, बोल्ट, सगळं घासा. बोल्टवर गंज असेल तर पॉलिश पेपर फिरवा. बोल्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर बोल्ट बदला, भोक लांबट झालं असेल आणि लिव्हर वरखाली डुगडुगत असेल तर लिव्हर बदला. पुसून कोरडं करा, बोल्टला ग्रीसचा पातळ हात, झालं.

बसवताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. बोल्ट गच्च आवळतात. बोल्ट आवळला की यॉकच्या दोन पाळ्या जवळ येतात आणि लिव्हरला चिमटीत धरतात, मग साफ केलेला लिव्हरही अडकतो आणि माणूस म्हणतो साफ करून काही उपयोग झाला नाही. आधी बोल्ट लिव्हर किंचित जड होईपर्यंत फिरवा, मग थोडा मागे घ्या म्हणजे लिव्हर मोकळा होईल, आणि आता वरून स्क्रू ड्रायव्हरने बोल्ट तिथेच धरून ठेवा, तो हलू न देता खालचा नट आवळा. परत लिव्हर हलवून बघा.

गाडी पडून लिव्हर वाकला असेल तर हातोडीने सरळ करायला जाऊ नका. ॲल्युमिनियमचा ओतीव असतो तो, सरळ दिसतो पण आत बारीक चीर राहते आणि नको तिथे तुटतो. आणि कधीकधी लिव्हर सरळच असतो पण पडल्यामुळे यॉक हँडलवर फिरलेला असतो, किंवा मोबाइल होल्डर, हँडगार्ड, पावसाळ्यात ग्रिपवर चढवलेलं कव्हर, असलं काहीतरी लिव्हरला आडवं येत असतं. आधी डोळ्यांनी बघून घ्या.

आता वायर, आणि बहुतेक वेळा दोष हिच्यातच निघतो. आतली तार म्हणजे बारीक पोलादी तंतूंचा पीळ, बाहेरचं कवच म्हणजे तारेची गुंडाळी आणि त्यावर प्लॅस्टिक. पावसाचं पाणी वरच्या टोकातून शिरतं, उतारावरून खाली जातं आणि कवचात बसून राहतं. दोन्ही टोकांना मण्याजवळची तार बोटांच्या चिमटीत हलकेच फिरवून बघा. एक जरी तंतू टोचला तरी ती वायर संपली. तेल घालून, तुटलेले तंतू कापून चालवायची नाही. उरलेल्या तंतूंवर भार वाढतो, एकेक करत तुटतात, आणि शेवटचा तुटतो तो तुम्ही सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभे असताना. गाडी तशीच पुढे उडी मारते.

तंतू तिथेच का तुटतात तेही बघण्यासारखं आहे. लिव्हर दाबताना तो गोल फिरतो, तार मात्र सरळ ओढली जायला हवी, म्हणून तो मणी लिव्हरच्या भोकात प्रत्येक वेळी थोडा फिरायला लागतो. मणी सुकून, गंजून भोकात अडकला की तो फिरत नाही, मग फिरायच्या ऐवजी तार मण्याच्या मानेत वाकते, दर वेळी वाकते, दिवसात शेकडो वेळा, आणि तुटते. म्हणजे ज्या एका जागी तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लागतं ती जागा हीच. मी लिव्हरच्या बोल्टवर तेल सोडत होतो आणि मणी कोरडाठाक होता.

तंतू शाबूत असतील आणि फक्त खरखर असेल तर वायर धुऊन तेल देता येतं. दुधाच्या पिशवीचा एक कोपरा बारीक कापा, वायरच्या कवचाचं वरचं टोक त्या भोकातून आत घ्या, बाहेरून सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा टेप घट्ट गुंडाळा. झालं नरसाळं. वायर खिळ्याला उभी टांगा, खालचं टोक करवंटीत. आधी पिशवीत दोन चमचे डिझेल घाला आणि तार वरखाली करत राहा. पहिले थेंब पडतात ते चहाच्या चोथ्यासारखे, काळपट तांबडे, तो आतला गंज. पाणी असेल तर करवंटीत खाली वेगळं दिसतं. स्वच्छ यायला लागलं की डिझेल निथळू द्या, मग दोन चमचे इंजिन ऑइल घाला आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी तार ओढून बघा, फरक हाताला कळतो. वायर गाडीवरून काढायची नसेल तर हेच गाडीवर करा, पिशवी आरशाच्या दांडीला बांधा, पण मग खाली फडकं गुंडाळून ठेवा, बहुतेक गाड्यांचा आर्म उजव्या अंगाला असतो आणि तिथेच सायलेन्सरचा पाइप जातो, त्यावर ऑइल पडलं की गाडी सुरू केल्यावर धूर निघतो. चाकावर आणि ब्रेकवर तर एक थेंबही नको. घाई असेल तर मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, सुई न लावता तिने थोडंथोडं सोडा.

तेल कुठलं, यावर सगळ्यात जास्त चुका होतात. स्प्रे मारला की लगेच मोकळं वाटतं, पण डब्लूडी-४० सारखा पातळ स्प्रे पाणी हटवायला आणि गंज सोडवायला चांगला, तो टिकत नाही, त्यानंतर ऑइल द्यावंच लागतं. जाड ग्रीस वायरच्या आत कोंबू नका, ते तारेला धरून ठेवतं. आणि खोबरेल तेल, हे कळकळीने सांगतो, अजिबात नको. घरात हाताशी असतं म्हणून सोडतात, पण २४-२५ अंशांच्या खाली ते थिजतं, डिसेंबरात सकाळी पुण्या-साताऱ्याच्या थंडीत क्लच दाबायला गेलात की हात दुखेल आणि दुपारी आपोआप बरं होईल, आणि तुम्ही मेकॅनिककडे गेलात की दोष सापडायचा नाही. गोडं तेल काही महिन्यांनी चिकट होऊन बसतं. साधं इंजिन ऑइल घ्या, ऑइल बदलताना डब्यात जे थोडंसं उरतं तेवढं पुरतं. काही नव्या वायरींना आतून गुळगुळीत प्लॅस्टिकची नळी असते, तिच्यासाठी गाडीच्या पुस्तकात जे सांगितलंय ते बघा.

वायर बदलायची असेल तर जुनी ओढून काढायच्या आधी तिच्या खालच्या टोकाला सुतळी पक्की बांधा. वायर वरून ओढून काढा, तिच्या मागोमाग सुतळी त्याच वाटेने येते, टाकीखालून, फ्रेमच्या कडीतून, हेडलाइटच्या मागून. मग सुतळीला नवी वायर बांधून उलट ओढा. नाहीतर वाट चुकते, वायर कुठेतरी तीव्र वळण घेते आणि नवी कोरी वायरसुद्धा पहिल्या दिवसापासून जड लागते. ॲक्सिडेंटचं काम झालेल्या किंवा हँडल बदललेल्या गाड्यांत हा दोष फार सापडतो. वायरला मोठी, सैल वळणं हवीत, आणि केबल टाय इतका आवळायचा नाही की कवच दबेल.

खालचा आर्म. तिथे चिखल साचतो, पुढच्या चाकाचा सगळा मारा तिकडेच. ब्रशने धुवा, दांडा इंजिनमध्ये शिरतो तिथे ऑइलचे दोन थेंब सोडा, हाताने वीस-पंचवीस वेळा हलवा. स्प्रिंग तुटली किंवा निसटली असेल तर ती दिसते. एवढं करूनही आर्म अडत असेल तर मात्र थांबा, कारण पुढे क्लचचं कव्हर उघडावं लागतं, ऑइल काढा, गॅस्केट बदला, ते मेकॅनिकला करू द्या. आर्म दांड्यावरून उपटून काढू नका, त्याची बसायची जागा ठरलेली असते, एक दाता जरी चुकला तरी ॲडजस्टमेंट जुळत नाही.

परत जोडताना आधी खालचं टोक, मग वरचं, मण्याला ग्रीस. वरचा ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आत ठेवा आणि मोठी ढील खालच्या नटांनी काढा, वरचा बारीक फरकासाठी राखून ठेवा. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी, म्हणजे तेवढं अंतर लिव्हर हलका यावा आणि मग जोर लागावा, तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. चाल अजिबात ठेवली नाही तर प्लेटा घसरतात, फार ठेवली तर गिअर खटखटतात. लॉक नट आवळताना तिन्ही चिरा एका ओळीत राहू देऊ नका, नाहीतर तार त्याच वाटेने निसटू शकते आणि पावसाचं पाणीही तिथूनच आत जातं. रबराचं बूट नीट चढवा, फाटलं असेल तर बदला.

मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून दोन्हीकडे लिव्हरची चाल बघा. एका बाजूला वायर ताणली जात असेल तर वायरची वाट चुकली आहे. इंजिन बंद, मेन स्टँड, पहिला गिअर, क्लच दाबून मागचं चाक हाताने फिरवा, थोडं जड फिरेल पण फिरलं पाहिजे, सोडल्यावर अडलं पाहिजे. यानंतरच गाडी सुरू करा आणि आधी गल्लीतच एक चक्कर मारा.

त्या दिवशी मी हेळवाकहून पाटणपर्यंत गिअर कमीत कमी बदलत हळू गेलो आणि तिथे नवी वायर मिळाली. तेव्हापासून पावसाळ्याच्या आधी, मे महिन्याच्या शेवटी, एक तास काढून लिव्हर, मणी, वायर, आर्म हे सगळं करून घेतो, आणि एक तयार, तेल दिलेली वायर चालू वायरच्या शेजारून त्याच वाटेने टाकून दोन्ही टोकं प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलीय, घाटात तुटलीच तर टाकी न उचलता फक्त टोकं बदलायची. नवी वायर घातली असेल तर २००-३०० किलोमीटरनंतर चाल परत मोजा, कवच आपल्या जागी बसतं तशी ती थोडी वाढलेली असते.